श्रद्धा दाराबाहेर ठेवता येते का? पंडिता रमाबाई आणि ख्रिस्ती जीवनदृष्टी



आपल्या व्याख्यानमालेच्या या भागात मी बेळगोळहून बोलतो आहे. म्हैसूरहून कृष्णराजसागर धरणाकडे जाताना हे गाव लागतं. आजूबाजूला कन्नड बोलणारी माणसं, कारखान्यांमुळे आलेली तमिळ, तेलुगू, हिंदी बोलणारी कुटुंबं, आणि आमच्यासारखी थोडी मराठी घरं. ही मालिका ऐकणारे पुण्या-नगरला आहेत तसे बेळगाव, गोवा, बडोदा, इंदूर, हैदराबाद इथेही आहेत. म्हणजे आपल्यापैकी अनेकजण भाषेनं अल्पसंख्य आहेत आणि काहीजण श्रद्धेनंही. म्हणून आजचा प्रश्न आपल्या जवळचा आहे.

तरुण मुलं मला हा प्रश्न नेहमी विचारतात. ती म्हणतात, "काका, ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा मित्र कुठलाच धर्म मानत नाही. तो खोटं बोलत नाही, लाच घेत नाही, आईवडिलांना सांभाळतो, रक्तदान करतो. मी ख्रिस्ती. रविवारची सकाळ सोडली तर माझ्यात आणि त्याच्यात फरक काय?"

प्रश्न प्रामाणिक आहे. याचं उत्तर नुसत्या तत्त्वज्ञानातून दिलं तर ते हवेत राहील. म्हणून आज मी एका मराठी बाईच्या आयुष्यातून ते शोधणार आहे. तिचं नाव तुम्हा सर्वांना माहीत आहे: पंडिता रमाबाई. पण शाळेच्या पुस्तकात जेवढ्या रमाबाई भेटतात, त्यापलीकडच्या रमाबाईंकडे आपण पाहू.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू

"सेक्युलर" हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो आणि मग गोंधळ होतो.

पहिला अर्थ राज्याचा. सरकार कोणत्याही धर्माचं नसावं, कायद्यापुढे सगळे सारखे असावेत, प्रत्येकाला आपल्या सदसद्विवेकाप्रमाणे श्रद्धा बाळगता यावी. आपल्या संविधानाच्या २५व्या कलमात हे स्वातंत्र्य आहे. अशा सेक्युलर राज्याशी ख्रिस्ती माणसाचं भांडण नाही. मी तर म्हणेन की त्याची सर्वांत जास्त गरज आपल्यालाच आहे. जबरदस्तीनं आणलेल्या श्रद्धेला देवापुढे किंमत नाही, असं आपण मानतो.

दुसरा अर्थ संस्कृतीचा. मराठीत त्याला "इहवाद" असा चांगला शब्द आहे. दिसतं तेवढंच जग, जन्म ते मृत्यू एवढंच आयुष्य, आणि माणसाची किंमत त्याच्या कर्तबगारीवर, कमाईवर, उपयोगावर. हे कुणी फळ्यावर लिहून शिकवत नाही. ते जाहिरातींतून, शाळेच्या निकालातून, लग्नाच्या बायोडेटातून, मोबाइलच्या पडद्यावरून आपोआप आत उतरतं. चर्चला नियमित जाणारा माणूससुद्धा सोमवार ते शनिवार पक्का इहवादी असू शकतो.

ख्रिस्ती जीवनदृष्टी वेगळी पडते ती या दुसऱ्या ठिकाणी. जीवनदृष्टी म्हणजे मतांची यादी नव्हे. ती चष्म्यासारखी असते. आपण चष्म्याकडे बघत नाही, चष्म्यातून बघतो. रस्त्यावर पडलेला माणूस प्रत्येकाला दिसतो, पण तो कोण म्हणून दिसतो, हे चष्म्यावर ठरतं.

मलनाडच्या डोंगरातली मुलगी

बेळगोळच्या वायव्येला, आजच्या चिकमगळूर जिल्ह्यात, गंगामूळ नावाचं ठिकाण आहे. पश्चिम घाटातलं घनदाट अरण्य. तुंगा आणि भद्रा या नद्या तिथल्याच. हा मुलूख तेव्हा म्हैसूर राज्यात होता. अनंतशास्त्री डोंगरे या चित्पावन पंडितानं तिथे आश्रम मांडला होता, आणि तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. म्हणजे आधुनिक मराठी स्त्रीजीवनावर एवढा ठसा उमटवणारी ही बाई कन्नड मुलखातली. आपण परराज्यातले मराठी लोक, आपल्याला याचा आनंद वाटायला हरकत नाही.

अनंतशास्त्रींनी समाजाचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईनं मुलीला. पुढे घर तीर्थयात्रेला निघालं, पुराणं सांगत गावोगाव फिरलं. मग दुष्काळ आला. १८७४च्या सुमारास वडील, आई आणि पाठोपाठ मोठी बहीण गेली. भुकेनं माणसं कशी मरतात हे या मुलीनं स्वतःच्या घरात पाहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. थोड्याच काळात भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं. १८८१ साली मनोरमा जन्मली, आणि १८८२ साली पटकीनं नवराही गेला. चोविसाव्या वर्षी ही बाई विधवा, कडेवर मूल, आणि डोक्यात सगळी शास्त्रं. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाबद्दल साक्ष दिली. १८८३ साली त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण होऊ शकलं नाही.

फुलहॅममधला प्रश्न

इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहत होत्या. या भगिनींचं लंडनमध्ये फुलहॅम भागात एक काम होतं. ज्या स्त्रियांना समाज "पतित" म्हणतो, त्यांच्यासाठी घर. रमाबाई ते बघायला गेल्या. त्यांनी नंतर लिहिलेल्या साक्षीत या भेटीला मोठी जागा आहे. अशा स्त्रियांशी कुणी प्रेमानं वागतं, त्यांची सेवा करतं, आणि त्या बदलून आपल्यासारख्या दुसऱ्या स्त्रियांची सेवा करू लागतात, हे त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं.

त्यांनी भगिनींना विचारलं की तुम्ही हे का करता? उत्तरादाखल भगिनींनी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय दाखवला. भर दुपारी विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई. जात वेगळी, चारित्र्याबद्दल गावात कुजबुज, म्हणून ती एकटी येते. आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी देवाबद्दल, उपासनेबद्दल बोलतो. विद्वानाशी बोलावं तसं बोलतो.

रमाबाईंनी दयेची कामं पूर्वीही पाहिली होती. इथे त्यांना त्या कामाच्या मागची दृष्टी दिसली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांनी आणि लहान मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती जीवनदृष्टी तीन प्रश्नांची उत्तरं देते, आणि ती तिन्ही या विहिरीवर सापडतात.

पहिला प्रश्न: माणूस कोण? उत्तर: देवाच्या प्रतिमेत घडवलेला. त्याची किंमत घडवणाऱ्याकडून येते. ती तो हुशार आहे म्हणून वाढत नाही, निरुपयोगी झाला म्हणून घटत नाही.

दुसरा प्रश्न: बिघडलं कुठे? इहवादी संस्कृती सांगते की अज्ञानात बिघडलं, गरिबीत बिघडलं, व्यवस्थेत बिघडलं. हे खोटं नाही. ख्रिस्ती दृष्टी आणखी एक पायरी खाली उतरते. बिघाड माझ्यातही आहे. "पतित" हा शब्द फुलहॅमच्या बाईला लागू होतो तितकाच मलाही. म्हणून मदत करणारा उंच ओट्यावर आणि मदत घेणारा खाली, अशी मांडणीच उरत नाही.

तिसरा प्रश्न: आशा कशाची? उत्तर: कृपेची. जे कमावलेलं नाही ते मिळतं, आणि एकदा चुकलेल्याचं दार कायमचं बंद होत नाही.

श्रद्धा बदलली, साडी तीच राहिली

इथे एक गैरसमज काढून टाकू. ख्रिस्ती दृष्टी म्हणजे पाश्चात्त्य दृष्टी, असं आपले अनेक हिंदू मित्र समजतात आणि आपल्यातले काही ख्रिस्तीही.

रमाबाईंचं इंग्लंडमधलं वागणं बघा. त्या शाकाहारी राहिल्या. पोशाख आपलाच ठेवला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपल्याला संस्कृत हवं, असा त्यांनी वाद घातला. चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. आपल्या देशातल्या लोकांना ते रुचणार नाही, हे कारण. रमाबाईंना तो सल्ला मान्य झाला नाही. त्यांच्या आध्यात्मिक माता असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा कडक पत्रव्यवहार झाला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान घालण्याची आपली इच्छा नाही, असा त्यांचा सूर होता.

पुढे १८९७च्या प्लेगच्या वेळी पुण्यात सरकारी रुग्णालयात बायकांना कसं वागवलं जातं, याबद्दल त्यांनी "बॉम्बे गार्डियन"मध्ये जाहीर पत्र लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून गप्प बसणं त्यांना जमलं नाही.

यातून काय दिसतं? खरी श्रद्धा माणसाला एका संस्कृतीतून उचलून दुसरीत नेऊन ठेवत नाही. ती दोन्ही संस्कृतींकडे बघायला एक जागा देते. त्या जागेवरून पुण्याचंही चुकलेलं दिसतं आणि लंडनचंही.

शारदा सदन: दार उघडं ठेवायचं की लावायचं?

आता आपण मुख्य मुद्द्याशी आलो. १८८६ ते १८८८ रमाबाई अमेरिकेत होत्या. १८८७ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीबद्दल. त्यातून मदत उभी राहिली, बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. विधवांना शिकवायचं, स्वतःच्या पायावर उभं करायचं, त्यांच्यातून शिक्षिका तयार करायच्या, ही योजना. पहिल्याच विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची तरुण विधवा होती. १८९० साली सदन पुण्याला आलं.

संस्थेचं धोरण असं ठरलं होतं की धर्मशिक्षण द्यायचं नाही. मुलींना आपले आचार पाळायची मोकळीक. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी मंडळी सल्लागार होती. ही माणसं नास्तिक नव्हती, प्रार्थना समाजाची होती. संस्था मात्र धर्माच्या बाबतीत तटस्थ असावी, अशी सर्वांची समजूत होती.

रमाबाई स्वतःच्या खोलीत सकाळी मनोरमेबरोबर पवित्र शास्त्र वाचत, प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. आपली आई जशी पूजेला बसते आणि पोरं भोवती जमतात, तसंच काहीसं. पण गावात बोभाटा झाला. "केसरी"नं टीकेची झोड उठवली. १८९३ साली रानडे, भांडारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सदनाशी संबंध सोडला. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

आपल्या चर्चमध्ये ही गोष्ट सांगताना आपण टीकाकारांना खलनायक करतो. मी तसं करणार नाही. त्यांच्या बाजूला वजन आहे. विधवा मुलीला बापानं मोठ्या धाडसानं तिथे पाठवलेलं असतं. ती मुलगी अन्नासाठी, वस्त्रासाठी, मायेसाठी एका बाईवर अवलंबून असते. त्या बाईनं तोंडातून शब्द काढला नाही तरी तिचं उघडं दार बोलत असतं. आपल्याला जे सांगितलं गेलं होतं ते पाळलं जात नाही, असं त्या बापाला वाटलं असेल तर त्याला दोष कसा देणार?

आता रमाबाईंची बाजू. त्यांनी कुणाला बोलावलं नाही, सक्ती केली नाही. पण दार लावून चोरासारखी प्रार्थना करायची? ज्या श्रद्धेमुळे आपण हे घर उघडलं, ती श्रद्धा त्याच घरात लपवायची? हे त्यांना जमणारं नव्हतं.

माझं मत असं. पूर्ण तटस्थ घर कुठेच नसतं. कुणाला पहिल्या पंगतीत बसवायचं, चुकलेल्या मुलीला परत घ्यायचं की नाही, आजारी पडलेलीवर किती खर्च करायचा, हे ठरवताना घर आपली श्रद्धा सांगतच असतं. देव न मानणारं घरही सांगत असतं. म्हणून "श्रद्धा दाराबाहेर ठेवून या" ही मागणी ऐकायला सोपी असली तरी पुरी करता येत नाही. चप्पल बाहेर ठेवता येते, डोळे ठेवता येत नाहीत.

पण याच कारणामुळे ख्रिस्ती माणसावर एक जास्तीची जबाबदारी येते. आपली श्रद्धा आपल्या कामात उतरणारच असेल, तर दारावरची पाटी खरी हवी. येणाऱ्याला आधीच कळायला हवं की हे घर कुणाचं आहे. लपवायचं नाही आणि लादायचंही नाही. भाकरीच्या बदल्यात विश्वास मागायचा नाही. पुढे रमाबाईंनी केडगावला जे उभं केलं त्याची पाटी स्वच्छ होती. "मुक्ती" ही उघडउघड ख्रिस्ती संस्था होती.

केडगाव: योजनेपेक्षा मोठं झालेलं घर

पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव आहे. तिथे रमाबाईंनी माळरान विकत घेतलं होतं. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि त्या तिकडे धावल्या. आपल्या लहानपणीची भूक त्यांना पुन्हा दिसली. मुलींना, बायकांना घेऊन त्या परतल्या. पाठोपाठ १९००चा दुष्काळ. त्या सुमारास मुक्तीत सुमारे दीड हजार माणसं राहत होती.

आता १८८७ची योजना आणि १९००चं केडगाव शेजारी शेजारी ठेवून बघा. योजनेत होती उच्चवर्णीय तरुण विधवा, जी शिकेल, शिक्षिका होईल, समाजाच्या उपयोगी पडेल. योजना उत्तमच होती. पण केडगावला आली कोण? कुठल्याही जातीची भुकेली पोर. आजारी बाई. आंधळी बाई. म्हातारी, जी आता काहीच शिकणार नाही. आणि लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या, गावानं टाकलेल्या बायका. त्यांच्यासाठी वेगळं घर झालं, त्याचं नाव कृपा सदन. फुलहॅमला जे पाहिलं होतं ते केडगावच्या माळावर उभं राहिलं.

त्या घराचं नाव "सुधार सदन" नाही, "कृपा सदन" आहे. सुधारणेला निकाल लागतो. किती सुधारल्या, किती बिघडल्या, मोजता येतं. कृपेचा हिशेब असा मांडता येत नाही.

म्हणून मुक्तीतली माणसं रिकामी बसली असं समजू नका. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, गाईगुरं पाळली गेली, हातमाग चालले, तेलघाणा फिरला. आंधळ्या बायका ब्रेल वाचायला शिकल्या. छापखाना आला आणि बायका टाइप जुळवू लागल्या. काम मिळालं ते माणसाला माणूस मानलं म्हणून. काम करते म्हणून माणूस मानलं, असा क्रम तिथे नव्हता. नीट पाहिलं तर दोन दृष्टींमधलं अंतर या क्रमात आहे.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत रमाबाईंनी पवित्र शास्त्राचं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत भाषांतर केलं. या दोन भाषा त्यांनी त्यासाठी शिकून घेतल्या. ज्यांची विद्वत्ता संस्कृतात कलकत्त्यानं गौरवली, त्यांनी शब्द निवडले ते कमी शिकलेल्या बाईला समजतील असे. १९२१ साली मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, संस्थेची पुढची आशा. तरी भाषांतर थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा ते काम त्यांनी पुरं केलं होतं.

मग फुले आणि कर्वे?

इथे कुणीतरी हात वर करून विचारेल, आणि विचारलंच पाहिजे: "हे सगळं ख्रिस्ती नसलेल्यांनीही केलं की!"

बरोबर. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेला बाळंतपणासाठी दार उघडं ठेवलं. जोतीराव ख्रिस्ती झाले नव्हते. आणि रमाबाईंच्या धर्मांतरावरून गदारोळ झाला तेव्हा "सत्सार" या पुस्तिकांतून १८८५ साली त्यांच्या बाजूनं लिहिलं ते याच जोतीरावांनी.

दुसरे महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८, म्हणजे रमाबाईंपेक्षा पाच दिवसांनी मोठे. शारदा सदनातल्या ज्या गोदूबाईंचा मघाशी उल्लेख केला, त्यांच्याशी कर्व्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला. त्यासाठी बहिष्कार सोसला. १८९६ साली विधवांच्या आश्रमाचं काम सुरू केलं, जे पुढे हिंगण्याला बहरलं आणि महिला विद्यापीठापर्यंत पोचलं. कर्वे ख्रिस्ती नव्हते. त्यांच्या चांगुलपणाला आमच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

मग फरक काय? आपण ख्रिस्ती लोक इथे घाईनं चुकीचं उत्तर देतो. "चांगली कामं फक्त आमच्याकडे" असं म्हणतो. हे खोटं आहे, आणि आपल्याच श्रद्धेविरुद्ध आहे. प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिमेत घडला असेल तर देव न मानणाऱ्याच्या हातूनही चांगुलपणा घडणारच. तुमच्या ऑफिसातला तो मित्र तुम्हाला कोड्यात टाकण्याचं कारण नाही. त्याच्या चांगुलपणाबद्दल देवाचे आभार माना आणि त्याच्याकडून शिका.

फरक घराच्या पायात आहे. दोन घरं वरून सारखी दिसू शकतात. पाया कळतो तो भार वाढल्यावर. उपयोग संपलेल्या माणसाला का सांभाळायचं? ज्यानं तीनदा फसवलं त्याला चौथ्यांदा का घ्यायचं? ज्याच्याकडून काहीच परत येणार नाही त्याच्यावर का खर्च करायचा? नुसत्या इहवादाकडे या प्रश्नांची उत्तरं तोकडी पडतात, असं मला वाटतं. त्यांना उत्तर देताना चांगला इहवादी माणूस स्वतःच्या हिशेबापेक्षा मोठा होतो. तो ज्या मायेनं मोठा होतो, तिचा उगम कुठे आहे हे ख्रिस्ती श्रद्धा सांगते. ख्रिस्तानं मला माझ्या उपयोगावरून मोजलं नाही, म्हणून मीही कुणाला मोजणार नाही. एवढं साधं कारण आहे ते.

आता आपल्या घरात

इतिहास सांगून मी तुम्हाला मोकळं सोडणार नाही. तीन ठिकाणी स्वतःला तपासून बघू.

एक, मुलांचा निकाल. दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी आपल्या घरात कोणती जीवनदृष्टी आहे हे कळतं. नव्वद टक्के मिळालेल्या मुलाला आपण मिठी मारतो आणि पन्नासवाल्याला प्रवचन देतो. मुलाला त्यातून कळतं की घरात आपला भाव काय आहे. अभ्यास करायला सांगाच, रमाबाईंहून मोठा अभ्यासक मराठीत शोधावा लागेल. पण क्रम सांभाळा. आधी मिठी, मग अभ्यास.

दोन, कामाची जागा. इथे बेळगोळला कारखान्यांत कायम कामगार आणि कंत्राटी कामगार शेजारी उभे राहतात. काम सारखं, पगार वेगळा, मान वेगळा. तुमच्याकडेही असेल. कंत्राटी माणसाचं नाव तुम्हाला माहीत आहे का? त्याच्याबरोबर डबा खाता का? साहेबापुढे त्याच्यासाठी एक शब्द टाकता का? ऑफिसात शुभवर्तमानाची पत्रकं वाटण्याआधी हे करा. कुणी विचारलंच की का करता, तर फुलहॅमच्या भगिनींसारखं सरळ सांगा. विचारल्यावर लपवू नका.

तीन, आपली मंडळी. आपल्या चर्चच्या दारात घटस्फोटित बाई आली, व्यसनातून उठू बघणारा पोरगा आला, तुरुंगातून सुटलेला माणूस आला, तर पहिल्या पाच मिनिटांत त्याला काय दिसतं? गाणी आपण कृपेची म्हणतो. पण बसायला जागा देताना आपण पुण्याच्या १८९३च्या समाजाइतकेच घाबरतो. जगापेक्षा आपली दृष्टी वेगळी आहे, असं व्यासपीठावरून सांगायचा हक्क दाराशी मिळवावा लागतो.

आणि ज्या श्रोत्यांचा ख्रिस्तावर विश्वास नाही, त्यांनाही एक विनंती. तुम्ही इतका वेळ ऐकलंत याबद्दल मनापासून आभार. माझी सगळी मतं तुम्ही मान्य करावीत अशी अपेक्षा नाही. पण एक प्रश्न जवळ ठेवा. ज्या दिवशी माझा कुणाला काही उपयोग उरणार नाही, त्या दिवशी माझी किंमत कशावर ठरेल? तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं असेल, तर मला ते ऐकायला आवडेल.

सुरुवातीच्या प्रश्नाला आता उत्तर देतो. रविवारची सकाळ सोडली तर फरक काय? कधीकधी, दुर्दैवानं, काहीच नाही. पण जिथे श्रद्धा खरंच चष्मा होते, तिथे फरक पडतो तो आपण कुणाला आत घेतो यात, आणि घेतल्यावर किती दिवस ठेवतो यात. केडगावच्या माळावर एका मराठी बाईनं तो दाखवून दिला. आपल्या दाराशी तो दाखवायचं काम आपलं आहे.

पुढच्या भागात आपण काम आणि विसावा याबद्दल बोलू: सात दिवसांतला एक दिवस थांबणं ही आळशी माणसाची सवय आहे की श्रद्धेची कृती? तोपर्यंत प्रभू तुम्हाला आणि तुमच्या घराला शांती देवो. सलाम.